माझ्या कपाटात उतरलेला समुद्र

विहीणबाई, तुम्हाला सप्रेम नमस्कार, आणि तुमच्या नव्या गुडघ्याला वेगळा, कारण त्याची-माझी ओळख अजून व्हायची आहे. तो किती वाकतो ते अंशांत कळवा. नुसतं ‘बरा आहे’ म्हटलं की मला काही कळत नाही. व्यायाम करून घेणारी बाई रडवते म्हणे. रडा, पण वाकवा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, हे, चिरंजीव, सात मासे, दोन कोळंब्या, एक गोगलगाय आणि दगडांना चिकटलेली ती प्रवाळं, ज्यांची नावं घेताना माझी जीभ अडखळते. (चुकून हे पत्र तुमच्या लेकीच्या हाती पडलंच, तर ती आधी मेलेलं कोण ते शोधेल, म्हणून पहिल्याच दमात लिहिते: कुणीही मेलेलं नाही.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. (राग मानू नका, मीही तुम्हाला करू देत नाही, पण माझं वाक्य महत्त्वाचं असतं.) दुसरं म्हणजे तुमच्या शुश्रूषेला आलेली तुमची लेक फोनच्या आसपासच असते, आणि ही बातमी तिच्या कानावर इतक्यात जायला नको आहे. राहिलं ते नव्या घराचं. नदीपलीकडे दोन खोल्यांचं घर चिरंजीव आणि सूनबाईनं पाहून ठेवलंय आणि महिनाअखेर घरमालकाला हो-नाही कळवायचंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलांचा संसार वेगळाच बरा, हे तुमचं मतही माझ्यापर्यंत पोचलं. त्या विषयावर मी चकार शब्द काढणार नाही. मी कोण बोलणारी? हे पत्र निव्वळ पाण्याबद्दल आहे.

तर पाणी. तुमच्या लेकीची ती चार फुटी काचेची टाकी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आमच्या बैठकीत आली, तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, हे कबूल. (तुम्हीही तेव्हा, आता ती तुमची, असं म्हणून हात झटकले होतेत. टाकी की लेक, ते मी विचारलं नाही.) गोड्या पाण्यात वजन करून मीठ कालवायचं आणि त्यात समुद्र मांडायचा, हा काय खुळेपणा! पण मी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. ज्या घरात नळीत थेंब टाकले की पाण्याचा रंग बदलतो, त्या घरात मला फार दिवस रुसून बसता येत नाही. सहा महिन्यांत पाण्याची तपासणी माझ्याकडे आली. टाकीचं दुखणं एकच होतं, मागच्या काठाला लटकवलेला फिल्टर. दिवसभर त्याची घरघर, आणि भिंतीवर मिठाचे पापुद्रे. सूनबाई म्हणायची, याला उपाय एकच, सम्प. म्हणजे खाली दुसरी टाकी. वरचं पाणी काठावरच्या डब्यातून ओसंडून तिच्यात पडतं, तिथे गाळलं जातं, घाण फेसाबरोबर वेगळी निघते आणि पंप ते स्वच्छ पाणी पुन्हा वर चढवतो. पसारा सगळा खाली, वर नुसता समुद्र. मग करत का नाहीस, म्हटलं की म्हणायची, बघू.

ती तुमच्याकडे आली आणि तिसऱ्या दिवशी मला तिची वही उघडी सापडली. (मी उघडली, पण त्यानंतर ती उघडीच होती.) तिच्यात त्या सम्पचं सुरेख चित्र, मापांसकट, आणि वर मथळा, ‘नव्या घरी’. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘इथे जागा नाही.’ विहीणबाई, इथे जागा नाही! माझ्या घरात! मला इतकं झोंबलं की दुपारचं जेवण गेलं नाही. बैठकीच्या भिंतीपलीकडे माझी खोली, त्या भिंतीला लागून माझं कपाट, आणि कपाटात पुढेमागे लागतील म्हणून लग्नापासून जपलेल्या वस्तू. त्या पुढेही लागल्या नाहीत, मागेही लागल्या नाहीत. एका बैठकीत कपाट रिकामं केलं आणि सम्पची काचेची टाकी करवून त्याच्या तळाशी बसवली. सूनबाईनं जाताना फ्रिजवर नऊ सूचना चिकटवल्या होत्या, त्यातली नववी लाल शाईत: खाणं घालण्यापलीकडे टाकीत कशालाही हात लावू नये. भिंतीला लावू नये, असं तिच्यात कुठेही नव्हतं.

प्लंबरनं आल्या आल्या विचारलं, गळती कुठे आहे? म्हटलं, अजून नाही. असं गिऱ्हाईक त्याला बावीस वर्षांत भेटलं नव्हतं. भिंतीला भोक पाडायचं आणि त्यातून दोन नळ्या न्यायच्या, एक जाणारी, एक येणारी, एवढं सांगितल्यावर तो यांच्याकडे बघायला लागला (घरात पुरुषमाणूस दिसला की कारागीर त्याच्याकडेच बघतात), आणि हे नेहमीप्रमाणे पंख्याकडे बघत होते. मग त्यानं मोठ्या प्रेमानं पितळेचे कॉक काढले. मी ते परत पिशवीत घालायला लावले. पितळेत अर्ध्याहून जास्त तांबं, आणि तांब्याचा अंश पाण्यात उतरला की कोळंब्या आणि प्रवाळं गेलीच म्हणून समजा. सगळं प्लॅस्टिकचं बसव, म्हटलं. त्याला वाटलं मी चिकटपणा करतेय. दोन दिवस रुसून काम करत होता. तिसऱ्या दिवशी आमचा जोकर मासा त्याच्या बोटावर धावून गेला, तेव्हा कुठे त्याची कळी खुलली. चिरंजीव काय करत होते म्हणाल, तर तिला विचारलंस का, हे एकच वाक्य दिवसातून चारदा म्हणत होते आणि भोक पडताना केरसुणी घेऊन उभे होते. बापाचा मुलगा, दुसरं काय!

मिठाचं नवं पाणी दोन दिवस ढवळून, खारटपणा मोजून सम्पमध्ये भरलं. इथे माझी खोड नडली. अर्धवट भरलेलं भांडं मला बघवत नाही. काठोकाठ भरलं, पंप सुरू झाल्यावर पातळी जरा उतरली, तर तेवढंही भरून काढलं. पाणी ओसंडलं, भिंतीतून गेलं, कपाटात पडलं, गाळून निघालं, पुन्हा वर आलं. मी टाळ्या वाजवल्या आणि त्या आनंदात आम्ही दोघं फिरायला निघालो. आता तुम्हाला यांची सवय सांगायला हवी. हे चौतीस वर्षं वीज कचेरीत होते. घराबाहेर पडायचं, मग ते कोपऱ्यावर का असेना, की मेन स्विच बंद. लोक कुलूप ओढून बघतात, हे मेन ओढतात. (एरवी घरात कुणी ना कुणी असतं, म्हणून चालून जातं.) पाऊण तासानं परत आलो तर जिन्यात खालच्या मजल्यावरचे वकील उभे, हातात भिजलेली फाइल, टकलावरून ओघळ. गृहस्थ भला. ओघळाला बोट लावून त्यांनी चव घेतली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, वर कुणी एवढं रडतंय का?

झालं होतं असं. पंप थांबला तशी वर पाणी नेणारी नळीच उलटी वाहायला लागली. तिचं तोंड टाकीत चांगलं वीतभर बुडालेलं, तेव्हा तिनं वरचं वीतभर पाणी ओढून खाली आणलं, आणि खाली तर मी थेंबालाही जागा ठेवली नव्हती. सायफन, विहीणबाई! साधा सायफन! दोन भांडी आणि एक रबरी नळी घेऊन हा प्रयोग मी तीस वर्षं सातवीच्या वर्गासमोर मांडत आले. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज धरणं बांधतात, आणि मी माझ्याच खोलीत पाय वर घेऊन पलंगावर बसलेली. लाज वाटली. खरं सांगते, रडले. वकिलांचा अंदाज उशिरा का होईना, खरा ठरला. त्यांनी बजावलं की आणखी एक थेंब आला तर लेखी तक्रार देईन, टाकी इमारतीबाहेर. आणि इमारतीबाहेर गेलेली टाकी कुठे जाणार? नदीपलीकडे. आणि तिच्यामागून कोण जाणार, ते मी लिहीत नाही, कारण त्या विषयावर मी बोलणार नाही असं म्हटलं आहे.

चिरंजीव म्हणाले, बाबांना मेन बंद करू नका म्हणून सांग. म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, बाबा! माणूस बदलायच्या भानगडीत मी पडले नाही, नळी बदलली. तिचं तोंड वर उचलून पाण्याच्या जेमतेम दोन बोटं खाली ठेवलं आणि त्याच्याही जरा वर, पण पाण्याखालीच, तिला एक बारीक भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. सम्पच्या काचेवर नखांच्या लाल रंगानं रेघ ओढली: पंप चालू असताना याच्यावर कुणी भरायचं नाही, मीसुद्धा नाही. रविवारी सकाळी जाहीर चाचणी ठेवली. वकिलांना माझ्या खोलीत कपाटासमोर खुर्ची दिली. प्लंबर बिनबोलावता आला. यांना बूट घालून खरंच बाहेर निघाल्यासारखं तयार केलं, कारण नुसतं बंद करा म्हटलं की यांचा हात अडखळतो. यांनी मेन ओढला. घर चिडीचूप. सम्पमधलं पाणी चढायला लागलं. रेघ ओलांडली. वकिलांनी पाय वर घेतले. काठाला पाच बोटं उरली, तीन उरली. मग पलीकडे टाकीत गुळुगुळू आवाज झाला, भोकानं हवा घेतली आणि पाणी थांबलं. दोन बोटं! मी स्वतः लावून मोजली. वकिलांनी प्लंबरला मिठी मारली. मी यांना अकरा वेळा बाहेर जायला लावलं आणि अकराही वेळा पाणी दोन बोटांवर थांबलं. तक्रार नाही, असं वकिलांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलंय आणि तो कागद मी कपाटाच्या दाराला चिकटवलाय. जिंकले, विहीणबाई! साफ जिंकले!

जुना फिल्टर मी घाईनं काढला नाही. पाणी निर्मळ ठेवणारे जंतू त्यात वसलेले असतात. ते नव्या जागी रुजेपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालवले, मोजून सतरा दिवस. गेल्या सोमवारी काढला. पाण्याची तपासणी रोज निर्दोष येते. दोन महिने मूठ आवळून बसलेलं जांभळं प्रवाळ, ज्याची सूनबाईनं आशा सोडली होती, ते तळहाताएवढं उघडलंय. घर इतकं शांत झालंय की यांना माझं बोलणं ऐकू यायला लागलं. इतके दिवस फिल्टरच्या आवाजावर ढकलत होते. बाकी क्षेम. गुडघ्याला जपा, पण त्याचे लाड करू नका.

तुमची,
प्रयोगशाळेतून निवृत्त आणि कपाटातून विस्थापित विहीण

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. टाकी आता भिंतीतून माझ्या खोलीशी जोडली गेलीय, म्हणजे हलवता येण्यासारखी राहिली नाही, आणि टाकी सोडून तुमची लेक कुठे जाणार नाही. तेव्हा महिनाअखेरपर्यंत तुम्ही ते वेगळ्या संसाराचं तेवढं काढू नका. विषय निघालाच तर गुडघा दुखतोय म्हणा. सकाळी सातला माशांना खाणं घालताना ती त्यांच्याशी बोलते, आणि मी स्वयंपाकघरातून माशांच्या वतीनं उत्तरं देते. तीन वर्षं हे चाललंय. ती गेल्यापासून दोन्ही बाजूंनी मीच बोलते. मला करमत नाही हो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. टाकी हलत नाही हे खोटं आहे. प्लंबरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दर सांध्याला हातानं फिरवून सुटणारा जोड बसव. सहा आहेत. काल पंप थांबवून, दोन्ही नळ्या रिकाम्या करून मी एकटीनं ते सोडवून पाहिले आणि पुन्हा जोडले: चाळीस मिनिटं, एक थेंब सांडला नाही. मासे मजेत न्यावेत. सम्पही मी माझ्या कपाटाच्या मापाचा केलेला नाही, तिच्या वहीतल्या मापाचा केलाय, नव्या घरी नीट बसेल. हे तिला आपणहून सांगू नका. पण तिनं विचारलं, तर लपवूही नका.