कठड्यापलीकडची बाई

गेर्लिंडेताई,

मी बरी आहे, दोन वेळा जेवते.

पुढच्या वर्षी तुला यायचंय म्हणून सांगते. बोटीवरची बाल्कनी म्हणजे नुसतं सरकतं दार आणि पुढे कठडा. खुर्चीसुद्धा मावत नाही. पाणी भरून बोट वर उचलतात त्या हौदात शिरलो की डॅन्यूब नदी दिसेनाशी होते, समोर फक्त ओली भिंत.

काल लिंत्सच्या धक्क्यावर दुसरी बोट आम्हाला खेटून लागली. पलीकडच्या कठड्यावरून एक बाई म्हणाली, "अहो, तुमचे मिस्टर कुठायत? आमचे बघा, घोरतायत!"

"आमचे आंघोळीला गेलेत."

मग तिची बोट सुटेपर्यंत मी न्हाणीतला नळ सोडून ठेवला.

ह्यांच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालतेस ना?

तुझी धाकटी,
रोझविटा