फ्लास्कातली ऊब

परळी वैजनाथ,
८ डिसेंबर १९९४

चि. संगमेश्वर यास,

अनेक आशीर्वाद. रुचिकाला आणि लातूरच्या तुझ्या सासू-सासऱ्यांना नमस्कार सांग. इकडे सगळे बरे आहेत. थंडी पडल्यापासून तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, दादाचं दुकान मात्र वेळेवर उघडतं. पत्राच्या डोक्यावर 'श्री' लिहीत नाही म्हणून दादा मला अजून बोलतो. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी हाताला लावलेलं वळण या वयात बदलत नाही.

तुला सक्तीच्या रजेवर पाठवून महिना होत आला. तुझ्या प्रयोगशाळेला कुलूप आहे. ते लावणारे आपल्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांना आता आमदार व्हायचं आहे, आणि प्रचाराला त्यांना तुझा फ्लास्क सापडला आहे.

परवा त्यांनी धर्मापुरीला सभा घेतली. मी मुद्दाम गेले आणि पुढे जाऊन बसले. आधी म्हणाले, "कॉलेजात अणू फोडायलेत. उद्या हिरीचं पानी नासलं तर कुनाला इचारायचं?" मग म्हणाले, याची वीज निघालीच तर परळीचं थर्मल वीजकेंद्र बंद पडेल आणि जमिनी देऊन ज्यांना नोकऱ्या लागल्या त्यांची पोरं उपाशी मरतील. आणि शेवटी खिशातून मुंबईचं वर्तमानपत्र काढून म्हणाले, हे सगळं थोतांड आहे, शास्त्रज्ञच म्हणतात.

मी उभी राहिले. म्हटलं, "मोहनराव, एक काहीतरी ठरवा. थोतांड असेल तर थर्मल बंद पडत नाही, आणि थर्मल बंद पडणार असेल तर ते थोतांड नाही."

लोक हसले. मागून एक बाई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या बाई, पानी नासंल का न्हाई तेवढं सांगा."

मी सांगितलं, नासणार नाही. काचेच्या भांड्यात निकेलची तार आहे, कपड्याच्या सोड्यासारखा एक क्षार आहे आणि साधं पाणी आहे. त्यातून वीज सोडतात. तिथे काही फोडत नाहीत, झालंच तर जोडतात. सूर्याच्या पोटात भयंकर उष्णतेत जे घडतं, ते टेबलावर थंडपणे घडू शकतं का, हे माझा भाचा पाहतो आहे. अमेरिकेतल्या दोघांनी पाच वर्षांपूर्वी घडतं म्हणून सांगितलं, जग त्यांना हसलं. हसणाऱ्यांतले किती जण भांड्याजवळ बसले होते, ते मला माहीत नाही.

"आसं हाय व्हय," ती बाई म्हणाली. "मंग भाकर खाऊनच जावा."

त्याच वर्तमानपत्रात पुण्याच्या एका प्राध्यापकाने 'बीडमध्ये दुसरा सूर्य' असा टिंगलीचा लेख लिहिला, तो तू वाचलाच असशील. पुण्याहून परळीला रोज गाडी येते. पण लेख लिहायला तिकीट लागत नाही.

मोहनराव काल घरी आले, टाइप केलेला कागद घेऊन. संगमेश्वरने खोटे आकडे दाखवून संस्थेची फसवणूक केली, असं माझं मत त्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं. फक्त सहीची जागा मोकळी.

"तुमी फिजिक्सच्या हेड होतात बाई. तुमची सही म्हणजे इषय मिटला."

"तुम्ही प्रयोग पाहिलात का?"

"मला काय कळतंय त्यातलं? कळलं आसतं तर तुमच्याकडं कशाला आलो आसतो?"

"मग खोटं आहे हे कशावरून?"

"पेपरात हाय की."

मी म्हटलं, कुलूप उघडा, मी स्वतः बसून पाहते, मग जे दिसेल ते लिहून देते. त्यांनी नाइलाजाने किल्ली दिली. सगळीकडे खुलं झालं म्हणतात, परदेशी कंपन्या आपल्याला वीज विकायला यायच्या आहेत, पण आपल्या पोराच्या एका फ्लास्काला दार उघडं मिळायला एवढा वाद घालावा लागतो.

रविवारी, अठरा तारखेला, विरोधी पक्षाचे भगवानराव बीडला तुझा सत्कार करणार आहेत असं लिहिलंस. मुंबई-पुण्याने मराठवाड्याच्या शास्त्रज्ञाला दाबलं, हे तू तिथे सांगावंस अशी त्यांची इच्छा. माझं पुढचं पत्र येईपर्यंत त्यांना हो म्हणू नकोस. उद्यापासून बसते. फ्लास्कात हिशेबाच्या वर ऊब येते हे तुझ्या शेजारी बसून मी पाहिलेलं आहे, तेव्हा काळजी करू नकोस.

तुझी,
आत्या


परळी वैजनाथ,
१४ डिसेंबर १९९४

चि. संगमेश्वर,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. भगवानरावांना तू हो म्हणालास, हे कळलं.

तुझ्या आईने तिळाची चटणी पाठवली आहे, येणाऱ्याच्या हाती देते. माझं दूध तीन दिवस नासतं आहे, कारण फ्रिज बंद आहे. फ्रिज का बंद, ते सांगते. चटणी आणि दूध लिहून झालं, आता टाळायला काही उरलं नाही.

पहिले दोन दिवस सगळं तुझ्या पद्धतीनेच केलं. सकाळी अकराला करंट मोजायचा, संध्याकाळी पाचला पुन्हा मोजायचा, दोन्ही सारखे आले की दिवसभर तेवढाच होता असं धरून हिशेब करायचा. पाचला फ्लास्क हिशेबापेक्षा गरम निघाला. मला इतका आनंद झाला की खोलीत कोणी नसताना मी मोठ्याने बोलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिथेच डबा खात होते. त्या वेळी तुझे वर्ग असतात, म्हणून तू कधी तिथे नसायचास. दोन वाजले आणि टेबलावरचा दिवा एकदम लख्ख झाला. मीटरचा काटा पाहिला. करंट भलताच चढलेला. चारनंतर दिवा मंदावला, काटा जागेवर आला.

तुला आता कळलं असेल. तरी लिहिते.

दोनला शेतीची लाइन बंद होते. आसपासच्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी थांबतात आणि गावातलं व्होल्टेज चढतं. चारला मोटारी सुरू झाल्या की उतरतं. आपण सगळे इथलेच. दुपारी रेडिओ खरखरतो, बल्ब उडतात, आपण बल्ब बदलतो आणि विसरतो. फ्लास्काला वीज देणाऱ्या तुझ्या चार्जरला व्होल्टेज आवरणारा स्टॅबिलायझर नाही. त्या दोन तासांत फ्लास्कात जास्तीची वीज जात होती आणि पाचपर्यंत तिची ऊब आत टिकत होती. मुंबईत ही चूक कोणी केली नसती, तिथे शेतीची लाइन नसते. आणि त्या पुण्याच्या माणसाला ती सापडलीही नसती.

मी फ्रिजचा स्टॅबिलायझर रिक्षात घालून कॉलेजात नेला. तो लावला, आणि हिशेबावरची ऊब गेली. काढला, आली. पुन्हा लावला, गेली. दुसऱ्या फ्लास्कात निकेल नाही, क्षार नाही, नुसती तापणारी तार ठेवली आणि ती तुझ्याच चार्जरला जोडली. तिनेही तोच चमत्कार दाखवला.

म्हणजे थर्मलच्या ज्या चिमण्यांच्या राखेने माझी वाळत घातलेली लुगडी काळी होतात, त्यांच्याच कोळशाची ती ऊब होती. जगात दुसरीकडे कुठे हे खरं होत असेल तर असो, मी त्यावर बोलणार नाही. तुझ्या फ्लास्कात ते झालं नाही.

मोहनराव बरोबर निघाले, हे मला किती झोंबलं ते कसं लिहू? धर्मापुरीत मी ज्याला अडाणी ठरवलं तो बरोबर निघाला, आणि ज्याच्यासाठी उभी राहिले तो चुकला. पण न पाहता बरोबर असण्यात काही मोठेपणा नाही. तू रोज पाहून चुकलास. मला यातलं दुसरंच बरं वाटतं, पण या वाटण्यावर कोणाची नोकरी टिकत नाही.

काल त्यांना माझ्या हाताने लिहून दिलं की प्रयोग चुकला आहे, मोजणाऱ्याने काही लपवलेलं नाही. त्यांनी दोनदा वाचलं.

"बाई, तुमी चूक लिवलंय. आमाला फसवणूक पायजे."

"तुम्ही माझ्या पेपरात दोनदा नापास झालात, ती चूक होती. कॉपी करून पास झाला असतात तर फसवणूक झाली असती."

त्यांचा चेहरा पडला. "आवं, पर चुकीवर मानूस काढता येत न्हाई ना."

"म्हणूनच तर तसं लिहिलं."

सोमवारी चौकशी समिती बसणार आहे आणि मला बोलावलं आहे. हे सारं तिथे सांगेन. प्रामाणिक चुकीसाठी माणसाला काढायचं असेल तर आधी अख्खी संस्था रिकामी करा, असंही सांगेन.

आता रविवारचं. मुंबई-पुण्याने आपल्याला कमी लेखलं हे भगवानराव म्हणतात ते खरं आहे, म्हणून ते ऐकायला इतकं गोड लागतं. हार घालतील, ढोल वाजतील, समोर हजारो माणसं असतील. भगवानरावांना फ्लास्काचं काही नाही, मोहनरावांनाही नव्हतं. तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. जा, आणि माइक हातात आला की दोन ते चारमध्ये काय होतं ते सांग. हार काढून घेतील, ढोल थांबतील. ती फजिती सोसायला माझी हरकत नाही, आणि तुझीही नसावी. हवं तर मी शेजारी उभी राहते.

जायचं नसेल तर शनिवारीच इकडे ये. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी दोनला आपण दोघं काट्यासमोर बसू, माझं न मानता स्वतः पाहा.

पण एक गोष्ट लक्षात घे. आजपर्यंत ती चूक होती. आता तुला ठाऊक आहे. तरीही रविवारी तू तेच सांगितलंस तर त्या गोष्टीला दुसरं नाव पडेल, आणि ते नाव मोहनरावांनी ठेवलेलं नसेल.

सोमवारी मला विचारतील आणि मी खरं तेच सांगेन. ते काय असेल, हे रविवारी तू ठरवणार आहेस.

काहीही झालं तरी तुझी,
आत्या