समासातली नोंद

३ नोव्हेंबर, सोमवार
लागली बाप्पा एकदाची नोकरी! चर्चच्या ऑफिसात क्लार्क. नेरवरून सामान आलं, मागची खोलीही मिळाली. फादर सुनील भला माणूस, पण कामाले लय कडक. बाप्तिस्म्याचं रजिस्टर दाखवलं. इथं बाप्तिस्मा झालेल्याचं लग्न कुठंही होवो, मरण कुठंही येवो, तिथल्या चर्चवाल्यांची चिठ्ठी इथं येते. आपण ते त्याच्या नावासमोर समासात लिहायचं, अन् लिहिलं म्हणून त्यांले उत्तर पाठवायचं. आलेली चिठ्ठी लिहिल्याशिवाय ठेवायची नाही म्हणे, अन् खाडाखोड तर अजिबात नाही.
माझ्या जयाचंही नाव सापडलं, क्रमांक २१४. एकुलती एक लेक, नागपूरले नर्स आहे. तिचा समास अजून कोरा. तिचं लग्न मीच लिहीन इथं.

६ नोव्हेंबर
तळेघाट चर्चची चिठ्ठी आली. उकंडा वारले, दफन ८ नोव्हेंबर. लिहून टाकलं अन् मग पाहते तर आपले माळी उकंडाभाऊ अंगणात झाडाले पाणी देऊन राह्यले! तारीखही परवाची. कोण्या शहाण्यानं लिहिली काय माहीत. लय हसली मी.

९ नोव्हेंबर
उकंडाभाऊ गेले. जेवता जेवता. काल, आठ तारखेले, मातीही झाली.
फादर म्हणे योगायोग आहे, शीलाबाई, मनाले लावून घेऊ नका. मी बिशप हाऊसची यादी पाहिली. तळेघाट नावाचं चर्चच नाही. माझ्याच हातानं लिहिलं होतं ना मी.

१५ नोव्हेंबर
आज जयाची आली. क्रमांक २१४. दफन १९ तारीख.
चुलीत घातली. लिहिलंच नाही तर कसं होईन? जयाले फोन केला, रडलीच मी. ती म्हणे आई, येडी झाली का.

१८ नोव्हेंबर
फादर दौऱ्यावरून आले. तळेघाटले उत्तर गेलं नाही, म्हणून दुसरी प्रत त्यांच्याच नावानं आली म्हणे. कोणी जया म्हणून पोरगी आहे, तुमच्याकडून राहून गेली वाटते, मीच लिहिली सकाळी — हसून सांगून राह्यले. त्यांले काय माहीत माझी लेक —

ब्लेडनं खरवडली. शाई जात नाही. कागद फाटला तरी —

जयाचा मेसेज. मी रडली म्हणून सुट्टी टाकून निघाली. स्कूटीवर. नको माय, नको —

फोन वाजून राह्यला, जयाचाच नंबर. मी उचलत नाही.

उचलला. जया नाही. कोणी माणूस आहे, मागून ट्रकचे हॉर्न — विचारून राह्यला, या पोरीच्या तुम्ही कोण —