हरीची कॉमिक्स

रेवदंडा, मंगळवार

प्रिय कुमुद,

लहानपणी लाँचचा भोंगा वाजला, की मी शाळेत केलेली कविता अर्धी ऐकून हरी धक्क्यावर पळायचा. मुंबईहून कॉमिक्स आलेली असायची. आज दिवसभर तोच भोंगा कानात आहे.

त्याचा दहावा झाला. मी वेळेवर जेवतो आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

पिंडाला कावळा शिवेना. सुजित म्हणाला, "काका, बाबांचं काय राहिलंय?" मी म्हटलं, "हरी, तुझी कॉमिक्स रद्दीत जाऊ देणार नाही." तेव्हा शिवला. आता त्या पेट्या आपल्याकडे येतील. तुला न विचारता शब्द दिला, रागावू नकोस.

त्या मुखवटेवाल्या वीरांवरून मी त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "दादा, तुझ्या कवितेत गेलेला माणूस परत येत नाही. यांच्यात पुढच्या अंकात येतो."

काल एक वाचलं. शेवटच्या पानावर वीर मरतो. पुढचा अंक उघडायला हात धजेना.

तुझा,
सदू

ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तर दारात म्हसळ्याहून आलेली एक अनोळखी म्हातारी. हातात जुनं कॉमिक. विचारते आहे, "हरीदादा हायत का? त्यांनी दिलेला ह्यो अंक वाचून झाला, पुढचा पायजे."