पाठीमागचे तीन आकडे

अप्पा, तुमच्या अक्षराचं कौतुक ऐकून ऐकून लहानपणीच माझे कान किटले होते. आज्जा मेंढरं राखायचा, अंगठा उठवायचा, आणि त्याच्या पोराचं अक्षर म्हणे मोत्याचे दाणे! त्या मोत्यांवर भाळून गाणगापुरातल्या लॉजच्या मालकानं तुम्हाला गल्ल्यावर बसवलं. कपाळभर गंध, तोंडात अखंड दत्तनाम, आणि खोलीतली बादली फुटली तरी "महाराजांची इच्छा." वरून कीर्तन, आतून तमाशा. तुम्ही मात्र त्याला देवमाणूस म्हणायचात. मला तेव्हाच तुमची चीड यायची.

मी पुण्यात बँकेच्या कार्ड विभागात होते. लोक ओरडत यायचे, कार्ड माझ्या खिशात आहे आणि दिल्लीत कुणीतरी त्यावर विमानाची तिकिटं काढलीत. तेव्हा ओटीपी नव्हता. कार्डाचा नंबर, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे कळले की झालं. आमचं काम कंटाळवाणं. असल्या कार्डांचे मागच्या तीन महिन्यांचे खर्च शेजारी शेजारी मांडायचे आणि सगळ्यांत सारखं दुकान शोधायचं. एकाचं पेट्रोल, एकीची साडी, एकाची औषधं, कुठं मेळच नाही. मेळ बसला तो तुमच्या लॉजवर. सोलापूरचे, लातूरचे, पुण्याचे, सगळे तुमच्याकडं उतरलेले. साहेबांनी लॉजचं कार्ड घासायचं मशीन मागवून तपासलं. ते चोख निघालं.

मग मी, कुठं जाते ते कुणाला न सांगता, रजा टाकून तुमच्या लॉजवर आले. एक यात्रेकरू भाडं भरून संगमावर आंघोळीला निघालाय. ओल्या धोतरात पाकीट कुठं ठेवणार, म्हणून ते तुमच्या हवाली करतोय. तुम्ही त्यातलं कार्ड काढता, जाडजूड वही उघडता आणि लिहायला लागता. आकडा न आकडा. मुदत. मग कार्ड उलटं करता.

"अप्पा, पाठीमागचे आकडे कामून लिहायलाव?"

"पाठीमागं हायेत म्हणून. उद्या कुणी म्हणलं माझं कार्ड बदललं, तर? अर्धवट काम मला जमत न्हाई, बाई. बघ, आख्ख्या वहीत एक खाडाखोड न्हाई."

"आणखी कोण बघतंय ही वही?"

"मालकाचा भाचा. रोज सांजच्याला घरी नेतो. लई कौतुक करतोय अक्षराचं."

कौतुक! दिल्लीतल्या चोराला एक आकडा फिरून विचारावा लागला नसेल, इतकं स्वच्छ लिहून दिलं होतंत तुम्ही. त्या क्षणी भाच्यापेक्षा मला तुमचाच तिटकारा आला. आता लिहू नका म्हटलं, तर "मालकाला विचारतो" म्हणालात. धन्य आहे!

पुण्याला येऊन साहेबांना एवढंच म्हटलं, लॉजची वही बघायला हवी. वही जप्त झाली, भाचा पळाला, आणि मालक नामानिराळा. "मी भोळा भक्त, कारकून काय लिहितो मला काय ठाऊक?" सगळं तुमच्यावर आलं. तुम्ही फोनवर म्हणालात, "तू सांग की साहेबाला, अप्पा चोर न्हाई म्हणून. तुझं ऐकतील."

साहेबांनी वहीची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. "तुम्ही त्याच भागातल्या ना? या कारकुनाला ओळखता?" माझं आडनाव सासरचं, म्हणून त्यांना संशय नव्हता. चोऱ्या पकडणारीचा बाप गल्ल्यावर! नोकरी जाणार होती माझी. मी म्हटलं, नाही.

"सांगितलंस का?" तुम्ही दर फोनला विचारायचात. मी म्हणायचे, सांगितलं. पोलिसांनी शेवटी सोडलं तुम्हाला, पण गावानं नाही. पुढं तुम्ही साधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाहीत, असं आई सांगते. वर्षभरात गेलात.

मालकाला ढोंगी म्हणते मी अजून, मोठ्या तोंडानं. त्या झेरॉक्सच्या दिवशी साहेबांनी माझा जबाब हातानं लिहून मागितला होता. बोट कापलंय म्हणून मी तो टाईप करून दिला. बोटाला काही झालं नव्हतं. माझं अक्षर हुबेहूब तुमचं आहे, अप्पा. हे पत्रसुद्धा, कुणी वाचणार नाही हे माहीत असून, मी टाईपच केलंय.