पांढऱ्या रंगाखालचा माणूस

बाई, तुम्हाला समोर मी कधी बाई म्हटलं नाही, आपण पोलिशमध्ये बोलायचो. मनात मात्र तुम्ही बाईच होतात. गेली अकरा वर्षं मी ओसाकात जुनी चित्रं दुरुस्त करते. मागच्या महिन्यात तुमचं ते मोठं पांढरं चित्र प्रदर्शनासाठी इथे आलं आणि तपासणीला माझ्याच टेबलावर ठेवलं गेलं. एक्स-रे काढला. पांढऱ्याखाली एक माणूस उभा आहे, खांद्यावर फावडं, छातीवर पदक. संग्रहालयाचे प्रमुख स्क्रीनजवळ वाकले. "सरकारसाठी एकही चित्र काढलं नाही, असं त्या जन्मभर सांगत होत्या ना?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं. पोलंडमध्ये तुमच्याकडे शिकत होते तेव्हाची गोष्ट. क्राकूवमधलं तुमचं स्वयंपाकघर, काचेवर वाफ धरलेली, तुम्ही बीट किसताय. सकाळी वर्गात मी एका चित्राचा वरचा थर न विचारता खरवडला म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर झापलं होतंत, आणि आता घरी बोलावून जेवायला वाढत होतात. "झाकणाऱ्याला काही कारण असतं," म्हणालात, आणि स्वतःचं सांगितलंत. युद्धानंतरची वर्षं, कम्युनिस्ट राजवट, तिच्याविरुद्ध बोलला म्हणून भाऊ तुरुंगात. कारखान्यातल्या आदर्श कामगाराचं चित्र काढून द्या, मग बघू, असं तुम्हाला सांगण्यात आलं. तुम्ही काढून दिलंत. भाऊ सुटला, घरी आला, चित्राबद्दल कळल्यावर तुमच्याशी बोलेनासाच झाला. पुढे कारखान्याने ते अडगळीत टाकलं तेव्हा तुम्ही ते मागून आणलंत आणि त्यावर पांढरा रंग चढवलात. "हे कुणाला सांगायचं नाही. मी गेल्यावरही." मी हो म्हणाले होते.

प्रमुखांना उत्तर हवं होतं. चित्राशेजारी भिंतीवर लावायचा माहितीचा मजकूर त्याच दुपारी छपाईला जायचा होता. मी गप्प बसले असते तर तुम्ही नुसत्याच खोटारड्या ठरला असतात. मी सगळं सांगून टाकलं. ते लिहून घेत होते; मध्येच पेन थांबलं. "भाऊ थोरला की धाकटा?" जपानीत दोघांना वेगळे शब्द आहेत, नुसतं भाऊ लिहून भागत नाही. तुम्ही कधी सांगितलंच नव्हतंत, मीही विचारलं नव्हतं. त्या क्षणी माहीत नाही म्हटलं असतं तर बाकीच्यावरही त्यांचा विश्वास बसला नसता, असं मला वाटलं.

काल प्रदर्शन उघडलं. लोक मजकुरासमोर थांबून वाचत होते. बाई, मी धाकटा म्हणाले.