पुढची सीट आणि एक तळं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, व्यवसाय शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप कुरकुरते, डोकं नाही, असा शेजारच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात माझं एकही वाक्य नव्हतं. तो मी बाजूला ठेवला. त्यांनी राग मानू नये. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या पतींना, आणि त्यांच्यानंतर सगळं घर मुलीला. जिन्याच्या कठड्याला दर तिसऱ्या पायरीशी मी कापडाच्या गाठी शिवल्या आहेत. रंगकाम करताना त्या कोणीही काढू नयेत. बँकेत जे असेल तेही पतींचंच. कागद कुठे ठेवलेत हे मुलीला ठाऊक आहे, यांना नाही, आणि ते तसंच राहू द्यावं.

२. शिवणयंत्र आणि मोठी कात्री मुलीला. या कात्रीने कागद कापायचा नाही. आठवीत असताना तिने याच कात्रीने पुठ्ठा कापला होता, म्हणून मी तिला मारलं होतं. कात्रीची धार परत आली. मारल्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं, ते इथे नोंदवून ठेवते.

३. टँडम सायकल, हिरवी, दोन सीटची. तिची मागची सीट माझ्या पतींची आहे. ती माझी नव्हतीच, त्यामुळे ती कोणाला द्यायचा प्रश्न येत नाही.

काचबिंदूने यांची नजर गेली तेव्हा हे छप्पन्न वर्षांचे होते. आयुष्यभर जमिनीचे नकाशे काढलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा. दोन वर्षं मी ते पाहिलं आणि ही सायकल आणली. पुढे मी, मागे हे. पेडल एकाच साखळीला, त्यामुळे एकाने पाय मारले की दुसऱ्याचे फिरतातच. रुसून बसायची सोय नाही. मग यांनीच हट्ट धरला, की परदेशातल्या एका लांब रस्त्याने जायचं, सतरा दिवस. मी नकाशावर रस्त्याच्या जागी दोरा चिकटवला, मुक्कामाच्या जागी गाठी मारल्या. सहाव्या दिवशी एक मोठं तळं लागणार होतं, तिथे कोटाचं निळं बटण लावलं. हे रोज संध्याकाळी दोऱ्यावरून बोट फिरवायचे आणि बटणाशी थांबायचे.

४. वरील सायकलची पुढची सीट मी माझ्या दिरांना, म्हणजे भावजींना, देत आहे. हे वाचून ते चकित होतील. आम्ही निघालो त्या सकाळी ते दारात उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, त्याला काय दिसणार आहे? घराभोवतीच फेऱ्या मारा आणि सांगा, परदेश आला म्हणून." तेव्हापासून अकरा वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. चहा दिला, पण कधी आणखी हवाय का विचारलं नाही.

भावजी, बोलणं तुमचं वाईट होतं. पण माझ्या रागाचं खरं कारण वेगळं आहे, ते पाचव्या कलमात येईल. सायकलबद्दल एवढंच, की खड्डा येण्याआधी सांगायचं, आल्यावर सांगून उपयोग नाही. थांबायचं असेल तर आधी बोला, मग ब्रेक दाबा. आणि वाटेत काय दिसतं ते सांगत राहा. गप्प बसलात तर ते पाय मारायचे थांबतील, मग चढावर तुम्हालाच कळेल.

५. मुलीने येत्या मे महिन्यात बाबांना त्या तळ्यावर परत न्यायचं ठरवलं आहे. माझी झडप तोवर टिकायची नाही आणि तिला तोल सांभाळता येत नाही, म्हणून पुढे भावजींनीच बसायचं आहे. त्याआधी हे सांगणं भाग आहे: आम्ही त्या तळ्यावर गेलोच नव्हतो.

सहाव्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "मी नुसतं ओझं आहे तुझ्या पाठीमागे. तळं झालं की परत जाऊ." पाट्या वाचता येत नव्हत्या, आणि मी रस्ता चुकले. दुपारी आम्ही एका सिमेंटच्या कारखान्याच्या भिंतीपाशी पोचलो. यांनी विचारलं, "आलं का तळं?" माझ्या तोंडून 'आलं' निघून गेलं. भिंतीला टेकून, खडीवर बसून मी त्यांना पाणी सांगितलं, पलीकडची झाडं सांगितली, बदकं मोजून दाखवली. हे हसले. तासाभराने स्वतःच उठले आणि म्हणाले, "चल, पुढे जाऊ." उरलेले अकरा दिवस आम्ही पुढेच गेलो.

भावजी, तुम्ही म्हणालात तेच मी केलं. माझा मलाच आलेला राग मी तुमच्यावर काढला. मला क्षमा करा.

खऱ्या तळ्यावर गेल्यावर भिंत आणि खडी सापडली नाही, की यांना सगळं कळेल, आणि तेव्हा विचारायला मी नसेन. तसं होऊ नये म्हणून भावजींनी हे कलम माझ्यामागे यांना मोठ्याने वाचून दाखवावं.

पुरवणी. वरचं शेवटचं वाक्य रद्द. पेन थांबल्याचं यांना ऐकू आलं. पलंगावरून विचारलं, "कुठे अडलीस?" मग मीच पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. पाचवं कलम संपल्यावर यांनी एवढंच विचारलं:

"बदकंसुद्धा नव्हती?"

"नव्हती."

"अगं, तू तेवीस मोजलीस. मधेच एक उडून गेलं म्हणालीस."

"ट्रक मोजत होते. एक बाहेर गेला."

हे इतके हसले, की डॉक्टरीणबाई दोन्ही घरांमधल्या दारातून डोकावल्या. मग डोळे पुसून म्हणाले, "खरं तळं मी मे महिन्यात बघेन. पण हे दुसऱ्या कोणाला जाता कामा नये. माझ्या नावावर लिही."

म्हणून,

६. सिमेंटच्या कारखान्यामागचं तळं, निळ्या बटणासह, झाडांसह आणि उडून गेलेलं धरून तेवीस बदकांसह, मी माझ्या पतींना देत आहे. त्यावर इतर कोणाचाही हक्क नाही.

ठिकाण: घरची बैठकीची खोली, शिवणयंत्राशेजारी
दिनांक: १७ मार्च २०२५, सोमवार

सही: (शिवणकाम करणारी)

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई
२. सायकल दुरुस्तीवाले काका, ज्यांनी सही करण्याआधी पुढची सीट भावजींच्या उंचीला वर करून दिली